काजळीच्या आयाळीतला दोरा

काजळी पुन्हा गाभण राहील असं त्या तबेल्यात कुणालाच वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकट्या वहिनींना, आणि त्यांच्या वाटण्याला कोण विचारतो.

वहिनी म्हणजे सगळ्या तबेल्याच्या वहिनी. नात्यानं त्या एकट्या भावजींच्या. त्यांचे यजमान आणि हे धाकटे दीर, दोघांनीही उभं आयुष्य इथे घोड्यांच्या पैदाशीत काढलं. थोरले गेले तेव्हा घोड्या विण्याच्या खोलीची किल्ली धाकट्यांकडे आली. ते दिवसातून चाळीस वेळा "वहिनी" म्हणून हाक मारत, म्हणून मग दाणा देणारे, नाल ठोकणारा, खुद्द मालकीणबाईसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागल्या. घोड्यांना जर बोलता येत असतं तर त्याही तेच म्हणाल्या असत्या.

काजळी एकोणीस वर्षांची. काळी कुळकुळीत घोडी, कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. ती जन्मली तेव्हा वहिनींच्या यजमानांनीच तिला ओढून बाहेर काढलं होतं आणि वहिनींनी पोत्यानं पुसलं होतं. तिनं पुढे नऊ शिंगरं दिली. मग मात्र तीन वर्षं रिकामी. माजावर यायची वेळच्या वेळी, त्यात खोट नाही. घोडीची इच्छा ओळखायला तबेल्यात एक ठेंगणं तट्टू ठेवलेलं होतं. त्याला कठड्यापलीकडे आणून उभं केलं की काजळी कान टवकारून शेपटी बाजूला करायची. मग तट्टूला परत नेऊन खरा घोडा आणायचा. "याच्या नशिबी नुसतं बघणं," नाल ठोकणारा म्हणायचा, "लग्न दर वेळी दुसऱ्याचंच." पण घोडा लागून दोन-तीन दिवस झाले की काजळीच्या गर्भपिशवीत पाणी साचायचं, आणि त्या पाण्यात गर्भ काही टिकायचा नाही.

"पिशवी वाईट नाही हो," म्हातारे डॉक्टर म्हणाले होते. "थकलीय. तरण्या घोडीची पिशवी आतली घाण एका दिवसात बाहेर फेकते. हिची झोळीसारखी खाली लोंबते, आणि आतलं आतच राहतं."

"दुपारच्या जेवणानंतर माझंही तसंच होतं, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "मला कुणी काढून टाकत नाही ते बरं."

डॉक्टर हसले, पण मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या. "एवढं वर्ष बघू," त्या म्हणाल्या. "यंदाही रिकामी राहिली तर मी तिला देऊन टाकणार आहे, वहिनी. मला दुसरा इलाज नाही."

एकोणीस वर्षांची घोडी देऊन टाकायची म्हणजे कुणाला, हे वहिनींनी विचारलं नाही.

त्या वर्षी काजळीची पिशवी धुतली ती अशी निगुतीनं की वहिनींना पुढे कित्येक वर्षं त्या दिवसांचा वास आठवायचा. जंतुनाशकाचा, ओल्या शेपटीचा आणि उकळत्या पाण्याचा. घोडा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात. शेपटीला स्वच्छ पट्टी गुंडाळायची, मागची बाजू तीनदा साबणानं धुवायची, सलाईनची बाटली मनगटावर ओतून ऊब बघायची. डॉक्टर नळी आत घालत, लिटरभर सलाईन सोडत आणि मग तेच पाणी काचेच्या बरणीत परत घेत. बरणी खिडकीशी धरून बघायचं काम वहिनींचं. पहिल्या दिवशी पाणी आलं तांदूळ धुतल्यासारखं. दुसऱ्या दिवशी जरा निवळलेलं. पिशवी आकसायचं इंजेक्शन दिलं, आणि भावजींनी काजळीला तासतासभर हातानं फिरवली, कारण चालल्यानंही पाणी उतरतं. तिसऱ्या दिवशी बरणीतून समोरच्या कुंपणाचे खांब मोजता आले.

"बारा," वहिनी म्हणाल्या.

"काय बारा?" भावजींनी विचारलं.

"खांब. आरपार दिसतायत."

सोळाव्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा गोल ठिपका दिसला, शर्टाच्या बटणाएवढा. काजळी गाभण होती.

आता राहिले टाके. म्हाताऱ्या घोड्यांची मागची बाजू आत ओढली जाते. चालताना हवा आत जाते, शेण आत जाते, आणि धुतलेलं सगळं पुन्हा नासतं. म्हणून घोडी गाभण राहिली की बाहेरचं तोंड वरून बरंचसं शिवून टाकायचं, लघवीपुरती जागा खाली सोडायची. कडा एकमेकींशी जुळून येतात, मग टाके काढले तरी दार बंद ते बंदच. फक्त विण्याच्या दोन आठवडे आधी ते आठवणीनं उघडायचं. नाही उघडलं, तर शिंगराला वाट नाही.

या आठवणीसाठी वहिनींच्या यजमानांनी एक रीत घालून दिली होती. ज्या घोडीला शिवलं, तिच्या आयाळीत डाव्या बाजूला, खांद्याकडून तिसऱ्या बटेत, लाल दोरा गुंफायचा. तो दोरा अकरा महिने तिथेच. विण्याच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, त्यानं दर सोमवारी दोरे बघायचे, दिवस जवळ आलेल्या घोडीसाठी डॉक्टरांना बोलवायचं, दार उघडून झालं की स्वतःच्या हातानं दोरा सोडायचा. दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही. वहीत लिहायची भानगडच नको. वही टेबलावर राहते, आयाळ घोडीबरोबर फिरते. त्या रीतीनं तीस वर्षांत एकही चूक झाली नव्हती. म्हातारे डॉक्टर टिपणसुद्धा ठेवत नसत. वर्षाच्या मध्यावर ते थकून घरी बसले आणि त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना भावजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोरा असेल तर शिवलेली. दोरा नसेल तर मोकळी."

काजळीच्या आयाळीत दोरा गुंफला वहिनींनी. सोडणार होते भावजी.

काजळीला दिवस भरायला महिना राहिला होता तेव्हा मालकीणबाईंच्या आई तबेल्यावर यायच्या ठरल्या. सहा वर्षांत त्या आल्या नव्हत्या. आता चाकाच्या खुर्चीत होत्या, बोलणं मोजकं झालं होतं. पण काजळी त्यांच्या अमदानीतली. लहान असताना रोज त्यांच्या हातचं गाजर खायची. "आईला तिला बघायचंय," मालकीणबाई म्हणाल्या. "जरा बरी दिसेल असं करा."

जरा बरी म्हणजे काय, वहिनींनी सकाळपासून तिला नवरीसारखी नटवली. अंग घासलं, खुरांना तेल लावलं, आयाळ धुतली. आयाळीच्या अकरा वेण्या घालून पांढऱ्या फितीनं बांधायच्या होत्या. तिसऱ्या बटेपाशी हात थांबला. दोरा दहा महिन्यांत विटून गेला होता, त्याला शेण आणि गवत चिकटलं होतं. बोट लावायचं नाही हे वहिनींना कुणी सांगायला नको होतं. पण पांढऱ्या फितींच्या ओळीत ते लक्तर कसं दिसलं असतं. तासाभराचा तर प्रश्न, त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांनी दोरा सोडवला आणि एप्रनच्या खिशात टाकला. पाहुणे गेले की वेण्या सोडताना परत गुंफायचा होता.

म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी काजळीच्या नाकावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. काजळीनं मान खाली केली. फोटो काढले. वहिनींनाही बोलावलं, "या हो, तुम्हीही उभ्या राहा." त्या राहिल्या.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडत होती तेवढ्यात वहिनींना फोन आला. त्यांची धाकटी बहीण न्हाणीघरात घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. वहिनींनी एप्रन खुंटीला अडकवला, वेण्या सोडायचं काम दाणा देणाऱ्या बाईला सांगितलं आणि मिळेल ती गाडी पकडली. बहिणीच्या उशाशी त्या चार आठवडे होत्या. भांडी, पथ्य, तिचं उठणं-बसणं. या सगळ्यात तो दोरा त्यांच्या डोक्यातून पुसून गेला. नंतर त्यांनी खूप आठवून पाहिलं, एकदा तरी, झोपताना तरी, मनात आला होता का. नव्हता आला.

एका सकाळी भावजींचा फोन आला. ते एरवी फोनवर ओरडून बोलत. त्या दिवशी त्यांचा आवाज नीट ऐकूही येईना.

"वहिनी, शिंगरू गेलं."

"कुणाचं?"

"काजळीचं. नऊ दिवस आधीच आली कळ. उजाडायच्या सुमाराला. दार शिवलेलंच होतं, वहिनी. मी उघडून घ्यायला विसरलो."

बहीण हिंडूफिरू लागल्यावर, आठ दिवसांनी, वहिनी परत आल्या तेव्हा काजळी तिच्या खोलीत कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. शेपटी बांधून एका बाजूला घेतलेली. मागे बघवत नव्हतं. सडांमधून दूध आपोआप ठिबकत होतं आणि खाली गवतावर पांढरा ओला डाग पडला होता. वहिनींनी हाक मारली तेव्हा तिनं एक कान वळवला, मान नाही वळवली.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर नेऊन सांगितलं. "शिंगराला वाट मिळेना. एक पाय वरच्या बाजूला घुसला, तिथून सगळं फाटलं. मी पोचेपर्यंत तासाच्या वर गेला होता. शिंगरू पूर्ण वाढलेलं होतं, मावशी. मादी होती. जखम आत्ता शिवता येणार नाही, सूज उतरायला महिना-दीड महिना जाईल. आणि यापुढे शिंगरू नाही."

"मग तिला..."

"नाही, ती जाणार नाही कुठे. मालकीणबाई म्हणाल्या, दूध तोडलेल्या शिंगरांबरोबर कुरणात राहील. त्यांच्या आई रोज फोन करून तिचं विचारतात म्हणे."

वहिनींच्या छातीवरचा एक दगड उतरला. दुसरा होता तो अजून त्यांना ठाऊक नव्हता.

भावजी विण्याच्या खोलीच्या पायरीवर बसलेले सापडले. समोर चार बादल्या ओळीनं मांडलेल्या. ते बोट दाखवत पुटपुटत होते, "एक, दोन, तीन, चार." वहिनी आल्या तसे थांबले.

"असं झालं कसं, भावजी?"

"मी तेच शोधतोय आठ दिवस," ते म्हणाले. "काजळीला शिवलं तेव्हा मी तिथे होतो. म्हणजे मला माहीत होतं. मग सोमवारी बघितलं तर आयाळीत दोरा नाही. मी म्हटलं, झालं, हिचं उघडून झालं. पण उघडलेलं नव्हतंच. मग दोरा सोडणारा या तबेल्यात कोण आहे? मी. म्हणजे मीच कधीतरी सोडला असणार, डॉक्टरीणबाईंना न बोलावता. कधी सोडला, का सोडला, काही म्हणजे काही आठवत नाही." त्यांनी कपाळावर बोट आपटलं. "अण्णांचं असंच सुरू झालं होतं. आधी बादल्या, मग नावं. शेवटी आईला मावशी म्हणायला लागले होते, तुम्हाला आठवतंय ना."

वहिनींना आठवत होतं. सासऱ्यांना त्यांनीच भरवलं होतं.

"मी किल्ली देऊन टाकली," भावजी म्हणाले. "पोरगी म्हणते, माझ्याकडे या. डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. रविवारी निघतो."

वहिनी धुण्याच्या खोलीत गेल्या. एप्रन खुंटीलाच होता. काजळीचे सड धुवायला हवे होते, म्हणून त्यांनी तो अंगावर चढवला आणि सवयीनं साबणासाठी खिशात हात घातला. हाताला लागला तो दोरा.

नळाखालची बादली भरून वाहायला लागली.

चांगल्या माणसांनी अशा वेळी लगेच धावत जाऊन सांगायचं असतं. वहिनी गेल्या नाहीत. तीन दिवस त्यांनी काजळीचे सड धुतले, जखमेवरच्या माश्या हाकलल्या, आणि खिशातला दोरा खिशातच ठेवला. सांगितलं तर काजळीला पुन्हा हात लावू देणार नाहीत, ही एक भीती. दुसरी, यजमानांची. तीस वर्षं चाललेली त्यांची रीत मोडली ती त्यांच्याच बायकोनं, ते कशासाठी, तर फितींसाठी. गेलेल्या माणसाची एवढी लाज वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. त्या तीन दिवसांत भावजी खोलीची कडी तीन-तीनदा हलवून बघत होते. खिशात चिठ्ठ्या ठेवू लागले होते. एक चिठ्ठी वहिनींना अंगणात पडलेली मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं, "चहा घेतला."

ती चिठ्ठी वाचली आणि त्या सरळ भावजींच्या खोलीवर गेल्या. ते ट्रंक भरत होते.

"भावजी, दोरा मी काढला होता." त्यांनी दोरा ट्रंकेतल्या कपड्यांवर ठेवला. "म्हाताऱ्या बाई आल्या त्या दिवशी. वेण्या घालताना. परत गुंफायचा राहून गेला. तुम्ही काही विसरला नाहीत."

भावजींनी दोऱ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. आणि ते हसले. इतक्या मायेनं हसले की वहिनींना ते सोसवेना.

"वहिनी, पुरे आता," ते म्हणाले. "दोन वर्षं बघतोय मी. मी फाटक उघडं टाकलं की तुम्ही गुपचूप लावता. पाण्याची टाकी भरायची राहिली की तुम्ही भरता, आणि वर म्हणता, भावजी, तुम्हीच तर भरलीत. मला काय कळत नाही? लाल दोऱ्याची रिळं आहेत कपाटात. एखादा तुकडा मातीत घोळवून आणायला किती वेळ लागतो."

"मी खोटं बोलत नाहीये."

"तुम्ही माझ्यासाठी आयुष्यभर बोलत आलात. दादा असताना माझ्या विड्या लपवायचात तेव्हापासून."

आजवर प्रेमापोटी घातलेलं एकेक पांघरूण आता आडवं येऊन बसलं होतं. आणि खरं सांगायला त्या आल्या होत्या तीन दिवस उशिरा. त्या तीन दिवसांत या माणसानं आपलं म्हातारपण मान्य करून टाकलं होतं.

मग त्यांना फोटो आठवला.

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "चष्मा घ्या."

ऑफिसात मालकीणबाई फोनवर होत्या. दोघांना बघून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या मागच्या भिंतीवर नवी चौकट लागली होती. चाकाच्या खुर्चीत म्हाताऱ्या बाई, त्यांच्या तळहातात काजळीचं नाक, आणि काजळीच्या मानेशी वहिनी, फोटोसाठी उभं राहतात तशा ताठ.

"काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सांगते. आधी यांना बघू दे," वहिनी म्हणाल्या.

भावजींनी चष्मा लावला आणि चौकटीच्या अगदी जवळ गेले. काजळीची डावी बाजू होती. खांद्याकडून त्यांनी बोटानं वेण्या मोजल्या. एक, दोन, तीन. तिसऱ्या वेणीला पांढरी फीत होती. लाल काही नव्हतं. ते तिथेच थांबले नाहीत. चौथी, पाचवी करत अकरापर्यंत गेले, आणि उलटे मोजत परत आले. मग त्यांचं बोट घोडीवरून सरकून फोटोतल्या वहिनींवर आलं. एप्रनच्या खिशातून बोटभर लाल टोक बाहेर लोंबत होतं.

वहिनींनी मालकीणबाईंकडे वळून सगळं सांगितलं. वेण्यांपासून बहिणीच्या खुब्यापर्यंत, आणि गेले तीन दिवससुद्धा. मालकीणबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "जरा बरी दिसेल असं करा, हे मीच म्हटलं होतं." मग त्यांनी ड्रॉवर ओढला आणि विण्याच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, भावजींच्या बाजूला.

भावजी अजून फोटोकडेच बघत होते.

"किती छान दिसत होती," ते म्हणाले.

"भावजी, माझ्यावर रागवा तरी."

"रागवेन. वेळ लागेल." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. किल्लीकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "आज नको, बाई," ते मालकीणबाईंना म्हणाले. "राहू दे इथे."

दोघं बाहेर आले. समोर कुरणाच्या कुंपणाशी काजळी होती, एकटीच, शेपटी बांधलेली. पलीकडे दूध तोडलेली शिंगरं एकमेकांच्या मागे धावत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. भावजींनी मागे वळून ऑफिसच्या आवाराचं फाटक ओढून घेतलं. कडी बसल्याचा आवाज वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

चार पावलं गेल्यावर भावजी थांबले. परत फिरले, फाटकाशी गेले आणि कडी हलवून पाहिली. मग आणखी एकदा.

"लागलीय, भावजी," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, हो," ते म्हणाले, आणि पुन्हा हलवून पाहिली. वहिनी वाटेतच उभ्या राहिल्या, त्यांचं होईपर्यंत.